‘अरे, तू तीच ना?’

ताई,

मी एकतीस वर्षांची आहे. सहाव्या वर्षापासून अकराव्या वर्षापर्यंत मी चार चित्रपटांत काम केलं. त्यातला एक तुफान चालला. त्यातलं माझं एक वाक्य आणि एक रडण्याचा सीन लोकांना अजून पाठ आहे. पुढे मी अंगानं वाढले, गोंडसपणा गेला आणि फोन यायचे थांबले. दहावी बाहेरून दिली, कॉलेज अर्धवट सुटलं. आज एका ऑफिसात हिशेबाचं काम करते. नवीन कुणी आलं की कुणीतरी म्हणतंच, "ओळखलंस का हिला?" आणि मला ते वाक्य म्हणून दाखवावं लागतं.

गेली चार वर्षं ऑडिशन देतेय. आत गेल्या गेल्या "अरे, तू तीच ना?" म्हणतात, फोटो काढतात आणि पुढे काहीच होत नाही. रडून दाखवायला सांगितलं की मी दगड होते. जिच्या रडण्यावर लोक फिदा होते, तिला आता डोळ्यांतून टिपूस काढता येत नाही. खरं सांगते, त्या सीनच्या वेळी मला सांगितलं होतं की तुझी आई तुला सोडून निघून गेली. मी खरीच रडत होते. सीन झाल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पैशांचं सगळं बाबा बघायचे. माझ्या कामांसाठी त्यांनी नोकरी सोडली. घर झालं, दादाचं शिक्षण झालं. मला किती मिळाले, ते कुठे गेले, मला आजही माहीत नाही. विचारायचा धीर होत नाही, कृतघ्न ठरेन. आता एका टीव्ही कार्यक्रमाचं बोलावणं आलंय. जुन्या बालकलाकारांना बोलावतायत, स्टेजवर ते वाक्य म्हणायचं. पंधरा दिवसांत कळवायचंय. जाऊ का? पुन्हा अभिनय करू, की हे सगळं पुसून टाकू?

– एक जुना चेहरा

प्रिय मैत्रिणी,

तू मला ताई म्हटलंस, म्हणून मीही तुला अगं-तुगंच करते.

तुझ्या पत्रात प्रश्न बरेच आहेत, पण मी अडकले ती मधल्या चार ओळींत. आई सोडून गेली असं सांगितलं, मी खरीच रडत होते, टाळ्या वाजल्या. त्या ओळी तू "खरं सांगते" म्हणून लिहिल्यास, जणू काही एखादी चोरी कबूल करतेयस. लोक माझं कौतुक करतात, पण तो अभिनय नव्हताच, मी फसवलंय, असा सूर आहे त्याला. अगं, फसवलं त्यांनी. तू सात-आठ वर्षांची होतीस आणि तुझी आई हरवली होती.

असं झालेली तू एकटी नाहीस. अमेरिकेत जॅकी कूपर नावाचा एक बालनट होता. १९३१ साली आलेल्या ‘स्किपी’ या चित्रपटात त्याला रडायचं होतं आणि रडू येत नव्हतं. दिग्दर्शक त्याचा नात्यानं काकाच. त्यानं मुलाच्या कुत्र्याला बाजूला न्यायला लावलं, आडून बंदुकीचा आवाज झाला आणि मुलाला वाटलं, कुत्रा मेला. सीन उत्तम झाला. कुत्रा जिवंत आहे हे नंतर दाखवलं, तरी पोराचं रडणं लवकर थांबलं नाही. याच कामासाठी नऊ वर्षांच्या त्या मुलाला ऑस्करचं नामांकन मिळालं, तेही प्रमुख अभिनेत्याच्या गटात. आणि १९८१ साली, म्हणजे तब्बल पन्नास वर्षांनी, त्यानं आत्मचरित्र लिहिलं तेव्हा त्याच्या नावातच ती विनवणी होती: माझ्या कुत्र्याला गोळी घालू नका. मधल्या काळात तो दूरचित्रवाणीवरचा नावाजलेला दिग्दर्शक झाला होता, एमी पारितोषिकं मिळवून बसला होता. तरी पुस्तकाला नाव देताना आठवला तो कुत्राच.

म्हणून ऑडिशनमध्ये "रड" म्हटल्यावर तू दगड होतेस याचं मला नवल वाटत नाही. मागच्या वेळी याच दिव्यांपुढे कुणीतरी "रड" म्हणालं तेव्हा काय झालं होतं, ते तुझ्या अंगाला ठाऊक आहे. त्यानं दार लावून घेतलंय. तुझी कला आटली, असा याचा अर्थ तू लावलायस. मला तो मान्य नाही. तुला रडण्याची कला त्या दिवशी कुणी शिकवलीच नव्हती. तुझ्या पोटातली भीती काढून घेतली आणि फिल्मवर उतरवली.

आता ऑडिशनकडे वळू, कारण इथे तुझी एक समजूत तुला छळतेय. तुला वाटतं, आपण परत जातोय. जे एकदा छान जमत होतं ते आता जमेनासं झालंय. पण लहान मुलाचं काम आणि मोठ्या माणसाचं काम, या दोन निराळ्या कला आहेत. लहान मुलाला निवडतात ते ते जसं आहे तसं. डोळे, बोलण्याची ढब, कॅमेऱ्याला न बुजणं. भूमिका त्याला बांधावी लागत नाही. दिग्दर्शक कॅमेऱ्यामागून सांगतो, "आता वर बघ, आता दाराकडे, आता म्हण," आणि बाकीचं संकलनाच्या टेबलावर जुळतं. मोठ्या नटाला हे कुणी देत नाही. ही बाई कुठून आली, हे वाक्य आताच का बोलली, गप्प राहून काय लपवतेय, हे तिनं स्वतः शोधून आणायचं, आणि सात टेक झाले तर सातही वेळा आणायचं. हे तू शिकलेलीच नाहीस. तुला कुणी शिकवलं नाही, कारण तेव्हा गरज नव्हती. म्हणजे गेली चार वर्षं तू न शिकलेल्या विषयाची परीक्षा देतेयस आणि नापास झालीस की स्वतःला सांगतेयस, एके काळी माझा पहिला नंबर होता.

तू काहीच शिकली नाहीस असंही नाही हं. जमिनीवरच्या खडूच्या खुणेवर मान खाली न घालता येऊन थांबणं, पेला मागच्या शॉटमध्ये डाव्या हातात होता हे लक्षात ठेवणं, पहाटे सेटवर बोलावलं की उठून जाणं आणि दुपारी शॉटसाठी दिवे लावून होईपर्यंत चिडचिड न करता बसून राहणं, हे वयाच्या सातव्या वर्षी तुझ्या हाडात गेलेलं आहे. मोठ्या वयात या धंद्यात आलेल्यांना यातच घाम फुटतो. ते तुझ्याकडे आहे, तुझं स्वतःचं आहे, त्यासाठी कुणी तुला फसवलं नव्हतं.

पुन्हा करावं का, याचं उत्तर मी देऊ शकत नाही, पण ते कशावरून ठरवावं ते सांगते. एखाद्या हौशी नाटकाच्या गटात जा, जिथे प्रसिद्धी नाही आणि मानधनही नाही. सहा महिने तालमी कर. भूमिका बिनरडीची घे आणि पहिल्याच दिवशी सांगून टाक की ते वाक्य मी म्हणणार नाही. संध्याकाळी ऑफिसातून थकून निघाल्यावर तालमीला जावंसं वाटतं का, एवढंच बघ. दुसऱ्याचा प्रवेश चालू असताना तू कोपऱ्यात बसून तो पाहतेस की फोन काढतेस, तेही बघ. तालीम आवडली तर तुला हे काम हवंय. नाही आवडली, नुसतं लोकांनी ओळखणं हवंहवंसं वाटत राहिलं, तर तेही स्वतःशी मान्य करायला हरकत नाही. लहानपणी भरभरून मिळालेलं प्रेम पुन्हा मिळावंसं वाटणं यात लाज कसली? फक्त ते ऑडिशनच्या खोलीत मिळत नाही.

की ह्वे क्वान हे नाव तुझ्या कानावर आलं असेल. १९८४ आणि १९८५ साली दोन गाजलेल्या हॉलीवूडपटांत त्यानं बालकलाकार म्हणून काम केलं, मग मोठा झाल्यावर त्याला भूमिकाच मिळेनात. त्यानं अभिनय सोडला, विद्यापीठात चित्रपटाचं शिक्षण घेतलं आणि कित्येक वर्षं कॅमेऱ्यामागे काढली: मारामारीच्या प्रसंगांची आखणी, दिग्दर्शकाला साहाय्य. मग पुन्हा अभिनयाकडे आला आणि २०२३ साली सहायक अभिनेत्याचं ऑस्कर घेतलं. लोक ही गोष्ट चिकाटीची म्हणून सांगतात. मला तीत दुसरंच काही दिसतं. तो जुन्या चेहऱ्याच्या जोरावर परतला नाही. मधली वर्षं त्यानं शिकण्यात घालवली होती. आणि ज्या चित्रपटासाठी त्याला ऑस्कर मिळालं, त्याचा करार त्याच्या वतीनं कुणी ठरवला माहितीय? लहानपणी त्याच्याबरोबर काम केलेल्या जेफ कोहेननं. तो जाडगेला विनोदी मुलगा पुढे वकील झाला होता.

आपल्याकडे सचिन पिळगांवकरांचं उदाहरण सगळेच देतात. बालकलाकार, मग १९७५ साली नायक, मग दिग्दर्शक. ते खरंच आहे, पण त्यांची वाट मध्ये कधी तुटलीच नव्हती. तुझी तुटली. तुझ्या घरचे किंवा ऑफिसातले हे उदाहरण तोंडावर फेकत असतील तर ते मनाला लावून घेऊ नकोस.

आणि सोडून देणारेही सुखात जगले आहेत. पीटर ऑस्ट्रम या अमेरिकन मुलानं १९७१ साली एका चित्रपटात मुख्य भूमिका केली, पुढच्या तीन चित्रपटांचा करार समोर आला तो नाकारला, आणि घोड्यांच्या वेडापायी जनावरांचा डॉक्टर झाला. ‘पथेर पांचाली’तला छोटा अपू, सुबीर बॅनर्जी, पुन्हा चित्रपटात दिसला नाही. तो चेहरा जगभरच्या माणसांच्या मनात राहिला आणि तो माणूस साधं आयुष्य जगला. तुझ्या "पुसून टाकू का" या प्रश्नाला माझं उत्तर यातच आहे. पुसायची गरज नाही. ती एक नोकरी होती, अकराव्या वर्षी संपली. लोक जुन्या नोकऱ्या पुसत बसत नाहीत.

ऑफिसात मात्र ते वाक्य म्हणणं बंद कर. भांडू नकोस, चेहरा पाडू नकोस. "ते काम केव्हाच संपलं, आता मी म्हणत नाही," एवढंच हसून म्हण आणि तुझ्या फायलीकडे वळ. पहिल्यांदा आग्रह होईल, तिसऱ्यांदा होणार नाही.

आता पैसे. इथे मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण "कृतघ्न" हा शब्द तू स्वतःला लावलायस आणि तो मला खटकलाय.

जॅकी कूगन हा मूकपटांच्या काळातला फार मोठा बालनट. १९२१ साली चॅप्लिनबरोबर झळकला आणि त्यानं त्या काळात काही दशलक्ष डॉलर मिळवले. सज्ञान झाल्यावर पैसे मागितले तर आई आणि सावत्र वडील देईनात. १९३८ साली तो कोर्टात गेला. हाती आले ते साधारण सव्वा लाख डॉलर. या प्रकरणातून १९३९ साली कॅलिफोर्नियात मुलांच्या कमाईच्या रक्षणाचा कायदा झाला. आज तो त्याच्याच नावानं ओळखला जातो. त्यात पळवाटा होत्या, त्या २००० साली बुजवल्या. आता तिथे कमाईतला १५ टक्के वाटा मुलाच्या नावे वेगळा ठेवावाच लागतो आणि कमाई ही मुलाचीच मालमत्ता समजली जाते.

दुसरी शर्ली टेंपल. तिनं लहानपणी तीस लाख डॉलरच्या वर कमावले आणि मोठी झाल्यावर हिशेब पाहिला तेव्हा ४४ हजार उरले होते. ती कोर्टात गेली नाही. आपल्याला राग आला नाही असं तिनं आत्मचरित्रात लिहिलंय. पुढे ती घाना आणि चेकोस्लोव्हाकियात अमेरिकेची राजदूत झाली.

एक कोर्टात गेला, दुसरीनं सोडून दिलं. पण बघ, आकडा दोघांनाही कळला होता. क्षमा करायला तरी काय क्षमा करतोय ते माहीत असावं लागतं. तुला तो आकडा ठाऊकच नाही, म्हणून तू धड रागावूही शकत नाहीस आणि धड सोडूनही देऊ शकत नाहीस.

आपल्याकडे बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ साली नियम आले. मुलाला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि कमाईतला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत. तू काम केलंस तेव्हा हे नियम नव्हते. म्हणजे बाबांनी यातला कुठला नियम मोडला असं म्हणता येत नाही. पण हिशेब मागण्यात गैर काही नाही, हेही या नियमांवरून कळतं. आज त्या भागाचा हिशेब बँकच ठेवते.

बाबांशी बोलताना "माझे पैसे कुठे गेले" इथून सुरुवात करू नकोस. तो आरोप होतो आणि म्हातारा माणूस आरोपाला आरोपानंच उत्तर देतो. त्यांच्याजवळ बस आणि विचार, "बाबा, त्या चार चित्रपटांचे करार आहेत का कुठे? मला बघायचेत." जुनी फाइल निघेल, पासबुक निघेल. तू हिशेबाचंच काम करतेस, कागद तुला वाचता येतात. एका वहीत लिही: कुठल्या चित्रपटाचे किती, घरात किती गेले, दादाच्या शिक्षणात किती, नोकरी सोडल्यावर घरखर्च किती वर्षं यावर चालला. बाबांनाही आठवू दे. नोकरी सोडलेल्या माणसाचंही काहीतरी त्यात बुडालेलं असतं. तुझे फोन बंद झाले त्या दिवशी त्यांचंही काम गेलं, आणि घरात त्याबद्दल कुणी बोललं नसणार.

शेवटी निघालं की सगळं घरातच गेलं, तर एक वाक्य त्यांच्या तोंडून यायला हवं: हे घर तुझ्या कमाईतून झालं. दादासमोर. घराच्या कागदांवर नाव, वाटा, हे पुढचे प्रश्न आहेत. त्यांत दावा करण्याच्या मुदतीच्या अडचणी असू शकतात, ते वकिलाला विचार, पण कागद हाती आल्यावर. बाबांनी फाइलच दाखवली नाही, आवाज चढवला, तर त्या दिवशी उठून ये आणि महिन्याभरानं पुन्हा विचार. विचारणारी मुलगी कृतघ्न नसते गं. सहाव्या वर्षापासून घर चालवणाऱ्या पोरीनं आणखी किती कृतज्ञ असायचं?

कार्यक्रमाचं. नकार दिलास तर मला आनंदच होईल, पण जावंसं वाटत असेल तर अडवणार नाही. त्यांना आधी तीन गोष्टी लिहून माग. रडण्याची ती क्लिप दाखवणार का? ते वाक्य म्हणायची सक्ती आहे का? आणि मानधन किती? तिसरा प्रश्न विचारताना जीभ अडखळेल तुझी. तुझ्या कामाचे पैसे आजवर दुसऱ्यांनी ठरवले, तू एकदाही नाही. फोनवर नको, पत्रानं विचार. क्लिप दाखवणारच म्हणाले तर जाऊ नकोस. शेकडो लोकांसमोर ते रडणं पुन्हा बघायचं आणि वर हसून टाळ्या घ्यायच्या, हे तू स्वतःला करू नयेस असं मला मनापासून वाटतं.

आणि या सगळ्याच्या आधी एक. तुझ्या पत्रात बाबा आहेत, दादा आहे, पण आई फक्त त्या सीनपुरती आहे, आणि तीही नसलेली. त्या दिवशी ती खरोखर कुठे होती, हे तू तिला कधी विचारलंयस का? तिला कुणी बाहेर थांबवलं होतं? तिला सांगून केलं होतं, की तिलाही नंतर कळलं? ती व्हॅनच्या मागे उभी राहून तुझा आवाज ऐकत होती का? आई असेल तर बाबांच्या फाइलच्या आधी तिच्याकडे जा. दुपारी, घरात दुसरं कुणी नसताना. तिनं काय सांगितलं ते मला कळवलंस तर मी वाट बघेन. ते छापणार नाही.

तुझी,
ताई